अंगावरून वारे जाण्यापूर्वी

(काटेवाडी, ता. बारामती येथील ग्रामस्थांपुढे झालेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



जगद्गुरू तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीत येते, तेव्हा परीट समाजाचे बांधव तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि त्यानंतर पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. हा सोहळा ज्याने पाहिला त्याला काटेवाडीची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. आता अशी कल्पना करावी, की त्या गर्दीत उभ्या असलेल्या एका साठीच्या गृहस्थांच्या हातातील टाळ एकाएकी गळून पडतो. उचलायला जावे तर उजवा हात ऐकत नाही. शेजारचा विचारतो, "आबा, काय झालं?" आबा उत्तर देऊ पाहतात, पण तोंडातून येते ते शब्दांचे कडबोळे. लोक त्यांना सावलीत बसवतात, कोणी पाणी आणतो, कोणी टोपीने वारा घालतो. दहा मिनिटांत आबा पूर्ववत बोलू लागतात, मूठ वळून दाखवतात, हसतातही. "ऊन लागलं," असा सर्वानुमते निर्णय होतो. आबा टाळ उचलून दिंडीमागे चालू लागतात आणि घरी कोणाला काही सांगत नाहीत.

आजच्या व्याख्यानाचा सारा विषय त्या दहा मिनिटांत सामावलेला आहे.

पक्षाघाताला आपल्या खेड्यापाड्यांत फार बोलका शब्दप्रयोग आहे. अंगावरून वारे गेले, असे म्हणतात. पक्षाघात आणि अर्धांगवायू हे पोथीतले शब्द, लकवा हा अरबीतून आलेला; पण सर्वसामान्य माणसाच्या तोंडी 'वारे जाणे' हेच. आयुर्वेदाने हा विकार वातव्याधीत गणला, त्यातूनच हे वारे आले असावे. फरक एवढाच, की आयुर्वेदातला वात हा शरीरातलाच आहे, आणि लोकांच्या बोलण्यात तो बाहेरून येणारा झाला. कुठूनतरी एक झोत आला, अंगावरून गेला आणि चालता-बोलता माणूस आडवा झाला! अशा समजुतीत माणसाला करण्यासारखे काही उरत नाही. वाऱ्याला कोण अडवणार? म्हणूनच पक्षाघाताच्या बाबतीत आपला समाज जितका हळहळतो तितका हालचाल करीत नाही.

वस्तुस्थिती अशी आहे, की हे वारे बाहेरून येत नाही. अनेकदा ते मानेतून येते, आणि येण्यापूर्वी पुष्कळदा वर्दी देते.

हनुवटीखाली, कंठमण्याच्या बाजूला दोन बोटे अलगद ठेवली तर जे ठोके लागतात ते कॅरोटिड धमनीचे. मानेच्या दोन्ही अंगांना अशी एकेक धमनी आहे. हृदयाकडून वर येणारी ही वाहिनी कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास दुभंगते. एक फाटा चेहऱ्याकडे व डोक्याच्या बाह्य भागाकडे जातो, दुसरा थेट कवटीत शिरून मेंदूला आणि वाटेत डोळ्याला रक्त देतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, परंतु शरीर जो प्राणवायू वापरते त्यातला सुमारे 20 टक्के हा एकटाच खातो. त्यातला मोठा भाग या दोन वाहिन्यांवाटे पोहोचतो.

या परिसरातील शेतकऱ्याला पुढची गोष्ट समजावून सांगण्यास वैद्यकाच्या पुस्तकाची गरज नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती आणि इंदापूर तालुक्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती उभी आहे. जेथे कालव्याला फाटा फुटतो तेथे पाणी भोवंडते आणि गाळ धरतो, हे येथील प्रत्येक जण जाणतो. धमनीचेही तसेच आहे. सरळ वाहत्या भागापेक्षा दुभंगाच्या जागी, जेथे प्रवाह वळतो व रेंगाळतो, तेथे वाहिनीच्या आतल्या अस्तरात चरबीचा थर धरतो. वर्षानुवर्षे तो जाड होतो, त्यात चुना साचतो, कधी त्याच्या पृष्ठभागाला भेग पडते. वाहिनी अरुंद होते. वैद्यकाच्या भाषेत हाच कॅरोटिड धमनीचा विकार.

मात्र कालव्याची ही उपमा एका ठिकाणी फसवी ठरते आणि तीच जागा महत्त्वाची आहे. कालवा अरुंद झाला की टेलच्या शेतकऱ्याला पाणी कमी मिळते आणि पीक हळूहळू सुकते. मेंदूचे सहसा असे होत नाही. मेंदूच्या तळाशी निसर्गाने धमन्यांचे एक वर्तुळच करून ठेवले आहे. इंग्लंडचे वैद्य थॉमस विलिस यांनी 1664 मध्ये त्याचे वर्णन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एका बाजूचा पुरवठा घटला तर या वर्तुळातून दुसऱ्या बाजूचे रक्त वळते. त्यामुळे एका बाजूची धमनी पूर्ण बंद होऊनही ठणठणीत फिरणारी माणसे आढळतात.

मग घात कशाने होतो? त्यासाठी उपमा ठिबकची घ्यावी. मोठ्या नळीत क्षाराचा थर बसतो तेव्हा पाणी वाहतच असते, कोणाच्या ध्यानात येत नाही. एके दिवशी त्या थराचा कपचा सुटतो, प्रवाहाबरोबर पुढे जातो आणि बारीक नळीतल्या ड्रिपरमध्ये अडकतो. मोठी नळी चालू, पण त्या झाडाचे पाणी बंद! मानेतल्या थराला भेग पडली की त्यावर रक्ताची गुठळी धरते. तिचा कण सुटून मेंदूतल्या बारीक वाहिनीत जाऊन बसला, की मेंदूच्या त्या भागाचे काम थांबते. कण लहान असला तर काही मिनिटांत विरघळतो किंवा फुटून पुढे सरकतो. हात पुन्हा चालू लागतो, वाचा परत येते. आबांच्या बाबतीत घडले असू शकते ते हेच. डाव्या धमनीतून सुटलेला कण मेंदूच्या डाव्या भागात गेला, म्हणून उजवा हात लुळा पडला. आणि बहुतेकांचे भाषेचे केंद्रही डावीकडेच असते, म्हणून शब्द अडखळले. तोच कण डोळ्याच्या वाहिनीत गेला असता तर डाव्या डोळ्यापुढे पडदा उतरल्यासारखा अंधार झाला असता आणि थोड्या वेळाने सरकून गेला असता.

कण विरघळला, थर मात्र मानेत जागच्या जागी राहिला. दुसरा कण केव्हा सुटेल आणि तो केवढा असेल, हे सांगता येत नाही.

आता हे साधे सत्य कळायला वैद्यकशास्त्राला किती काळ लागला ते पाहण्यासारखे आहे. पक्षाघात मेंदूत होतो, म्हणून मृत्यूनंतर तपासणी होई ती मेंदूची. मान कोणी उघडतच नसे. 1914 साली अमेरिकेतील रॅम्से हंट यांनी पक्षाघाताच्या रुग्णांच्या मानेतील वाहिन्या तपासाव्यात असे बजावले होते, पण ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. जिवंत माणसाच्या मेंदूतील वाहिन्या क्ष-किरणांनी पाहण्याची युक्ती पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी 1927 मध्ये काढली. तरीही मानेकडे खरे लक्ष वेधले ते कॅनडाच्या मिलर फिशर यांनी. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात नौदलाचे डॉक्टर होते आणि काही वर्षे जर्मनांच्या कैदेत होते. युद्धानंतर माँट्रियलमध्ये काम करताना त्यांना एक रुग्ण भेटला. पक्षाघातापूर्वी आपला एक डोळा मधूनमधून काही मिनिटे आंधळा होत असे, असे तो सांगे. आणि लुळी पडलेली बाजू होती विरुद्ध अंगाची. रुग्णालाच त्याचे नवल वाटे. फिशर यांनी ते नवल सोडून दिले नाही. डोळा एका बाजूचा आणि हातपाय दुसऱ्या बाजूचे, तर दोघांना जोडणारी जागा कोणती? ती मानेतच असू शकते. त्यांनी मृतांच्या मानेतील धमन्या उघडून पाहिल्या आणि 1951 मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. कधीतरी शस्त्रक्रियेने हा अडथळा टाळता येईल, अशी आशाही त्यात होती. एका रुग्णाचे बोलणे नीट ऐकून घेतले, एवढ्यावर एक शास्त्र पुढे सरकले! आज आपल्याकडे तपासणीच्या खोलीत रुग्णाला दोन वाक्ये पुरी करू देत नाहीत, त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

फिशर यांच्या आशेला फार दिवस थांबावे लागले नाही. अमेरिकेत ह्यूस्टनला मायकेल डिबेकी यांनी 1953 च्या ऑगस्टमध्ये एका रुग्णाच्या धमनीतला थर खरवडून काढला, मात्र त्याची हकीकत त्यांनी पुष्कळ वर्षांनी प्रसिद्ध केली. जगाला ठाऊक झाली ती लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील शस्त्रक्रिया, 19 मे 1954 ची. रुग्ण 66 वर्षांची स्त्री होती. काही महिन्यांत तिला तब्बल 33 वेळा असे तात्पुरते झटके येऊन गेले होते. 33 वेळा हात लुळा पडून पुन्हा ठीक झाला होता! शल्यविशारद ईस्टकॉट आणि रॉब यांनी बर्फाने तिचे शरीर थंड केले, धमनीचा आजारी भाग कापून काढला आणि टोके जोडली. त्यानंतर तिचे झटके थांबले. ती बाई नशीबवान, कारण तिचा चौतिसावा झटका कायमचा ठरला नाही. प्रत्येकाला 33 संधी मिळत नाहीत. पुष्कळांना एकच मिळते.

या संधीचे मोजमापही पुढे झाले. तात्पुरता झटका येऊन गेलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केल्यावर 2000 सालच्या अमेरिकन अभ्यासात असे दिसले, की दर दहांतील एकाला तीन महिन्यांच्या आत खरा पक्षाघात झाला आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांतच झाले. 2007 मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. अशा रुग्णांची तपासणी व औषधे तातडीने, त्याच दिवशी सुरू केली तेव्हा पुढच्या पक्षाघाताचे प्रमाण सुमारे 10 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आले. नवे औषध नव्हते, नवे यंत्रही नव्हते. केवळ उशीर काढून टाकला होता.

उशिराचा विषय निघाला की आपल्याच महाराष्ट्राचे उदाहरण समोर येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 86 गावांतील मृत्यूंचा दोन वर्षे मागोवा घेतला. तो अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. मलेरियाचा, कुपोषणाचा, जंगलाचा जिल्हा. तेथे सर्वाधिक मृत्यू कशाने होत असतील? उत्तर आले पक्षाघाताने. दर सात मृत्यूंमागे एक. आणि पक्षाघाताने गेलेल्या दर दहा जणांतले जवळजवळ नऊ जण घरीच गेले, रुग्णालयात नव्हे. त्यांतील प्रत्येकाच्या मानेत दोष होता असे मुळीच नाही. मेंदूत वाहिनी फुटून होणारा रक्तस्राव, हृदयातून सुटणाऱ्या गुठळ्या, कवटीच्या आतल्या वाहिन्यांचे आकुंचन ही सारी कारणे असतात. भारतीयांमध्ये तर कवटीच्या आतल्या वाहिन्या अरुंद होण्याचे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा अधिक आढळते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पण पक्षाघात हा शहरातल्या सुखवस्तू माणसाचा रोग, ही समजूत गडचिरोलीने मोडून काढली. गडचिरोलीचे जंगल आणि काटेवाडीचा ऊस यांत कितीही अंतर असले, तरी रक्तदाब दोन्हीकडे सारखाच वाढतो.

येथे कोणी विचारील, आपल्या पूर्वजांना मानेच्या या वाहिन्या ठाऊक नव्हत्या काय? ठाऊक होत्या. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांचे वर्णन आहे. त्यात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना मिळून चार धमन्या सांगितल्या आहेत, दोन नीला आणि दोन मन्या. त्यांना इजा झाली असता मुकेपणा येतो, आवाज बिघडतो, चव कळेनाशी होते, असे सुश्रुत म्हणतो. मानेच्या दोन्ही अंगांच्या 'मातृका' नावाच्या सिरांना आघात झाल्यास मृत्यू तत्काळ येतो, असेही त्याने नोंदवले आहे. रणांगणावरील जखमा पाहणाऱ्या शल्यविशारदाची ही नजर आहे आणि तिचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र तेवढ्यावरून सुश्रुताला चरबीचा थर आणि सुटणारा कण ठाऊक होता असे म्हणू नये. त्याने जे पाहिले ते नेमके लिहिले, यातच त्याचे थोरपण आहे. जे त्याने लिहिले नाही ते त्याच्या तोंडी घालणे हा त्याचा गौरव नव्हे. गंमत अशी, की ग्रीकांनी या धमनीला दिलेले नावही तशाच निरीक्षणातून आले. 'कॅरोटिड' या शब्दाचे मूळ गुंगी आणण्याच्या अर्थाचे आहे, कारण दोन्ही बाजू दाबल्या की माणूस शुद्ध हरपतो हे त्यांनी पाहिले होते. हा प्रयोग कोणी घरी करून पाहू नये! ठोके पाहायचेच असतील तर एका वेळी एकच बाजू आणि तीही हलक्या हाताने. ठोके लागले म्हणजे वाहिनी स्वच्छ, असेही समजू नये. बोटांना आतला थर कळत नाही.

तो कळतो डॉपलर तपासणीत. गर्भवतीची सोनोग्राफी होते तशीच ही मानेची सोनोग्राफी. सुई नाही, क्ष-किरण नाही, अर्ध्या-पाऊण तासाचे काम. वाहिनी किती टक्के अरुंद झाली याचा अंदाज तीत येतो, आणि पुढचा निर्णय बराचसा त्या टक्केवारीवर असतो. झटका येऊन गेलेला आहे आणि त्या बाजूची धमनी 70 टक्क्यांहून अधिक अरुंद आहे, पण पूर्ण बंद नाही, अशा रुग्णांवर उत्तर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 1991 मध्ये आले. केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी 26 टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला, शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी 9 टक्क्यांना. फरक किती मोठा आहे! मात्र 50 टक्क्यांहून कमी अरुंद असलेल्यांना शस्त्रक्रियेचा लाभ झाला नाही आणि जी धमनी पूर्ण बंद झाली आहे ती सहसा उघडत नाहीत. शस्त्रक्रियेऐवजी वाहिनीत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट बसवण्याचा मार्गही आहे. 2010 च्या अमेरिकी तुलनेत असे दिसले, की स्टेंटच्या वेळी पक्षाघाताचा धोका थोडा अधिक आणि शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयविकाराच्या झटक्याचा थोडा अधिक. सत्तरीपुढच्या रुग्णाला शस्त्रक्रिया अधिक मानवते. कोणाला काय योग्य, हे रुग्णाला पाहणारा तज्ज्ञच ठरवणार. नातेवाइकांनी त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: आपल्या हातून झालेल्या अशा शस्त्रक्रियांत किती रुग्णांना त्या वेळीच पक्षाघात झाला? चांगला शल्यविशारद या प्रश्नाने रागावत नाही.

याच्या उलट बाजूचाही एक इशारा द्यावा लागेल. ज्यांना कधीच काही झाले नाही अशा धडधाकट माणसांच्या माना सरसकट तपासत सुटणे योग्य नव्हे. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या सरकारनियुक्त तज्ज्ञमंडळाने 2014 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये तसा स्पष्ट सल्ला दिला आहे. अशा तपासणीत खोटी शंका निघते, तिच्यामागे आणखी तपासण्या लागतात आणि काही वेळा ज्या शस्त्रक्रियेची गरजच नव्हती तिच्यातूनच पक्षाघात ओढवतो. शहरांतून 'संपूर्ण शरीर तपासणी'ची आकर्षक पाकिटे आता तालुक्याच्या गावापर्यंत आली आहेत. त्यांत मानेचा डॉपलर जोडलेला दिसला, तर ते पैसे रक्तदाब मोजण्याच्या घरगुती यंत्रावर खर्च करावेत.

कारण मानेतला थर धरतो कशाने? वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाही. बाकीचे बहुतेक हाती आहे. पक्षाघाताच्या कारणांचा 22 देशांत मिळून जो मोठा अभ्यास झाला, त्यात भारतही होता. 2010 मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि दहा कारणांत पक्षाघाताचा सुमारे 90 टक्के धोका सामावतो असे आढळले. त्यांत पहिला मान उच्च रक्तदाबाचा. धूम्रपान, मधुमेह, पोटाचा घेर, रक्तातील चरबी, हालचालीचा अभाव ही मंडळी त्याच्या मागोमाग. रक्तदाबाची अडचण अशी, की तो दुखत नाही. गुडघा दुखला की माणूस बारामती गाठतो; रक्तदाब 180 असला तरी तो ऊस तोडतो, बैल जुंपतो, लग्नात नाचतो. गोळी सुरू केली की महिन्याने दाब नीट येतो आणि 'आता बरे झाले' म्हणून गोळी बंद होते! गोळी चालू आहे म्हणून दाब आटोक्यात आहे, ही साधी गोष्ट घरोघरी पुन्हा पुन्हा सांगावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या मिळतात. महाग औषधापेक्षा रोज घेतलेले स्वस्त औषध गुणकारी.

तंबाखूचे काय? वारकऱ्याच्या गळ्यात माळ पडली की मद्य-मांस सुटते, ही या संप्रदायाने समाजावर केलेली केवढी मोठी कृपा आहे! पण माळ घातलेल्या कित्येकांच्या खिशात चंचीही असतेच. आणि घरातल्या मायमाउल्यांची मिश्री? ती तर व्यसनात कोणी धरतच नाही, ती 'दात घासणे' असते. बिडी-सिगारेटने धमनीचे अस्तर बिघडते हे निर्विवाद आहे, आणि तोंडात धरण्याच्या तंबाखूलाही निरुपद्रवी म्हणता येणार नाही. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर मीठ पुरे म्हणते. ठेचा, लोणचे, पापड आणि वर ताटात वाढलेले मीठ यांचा हिशेब घरच्या लक्ष्मीने एकदा करून पाहावा.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी बोलत नाही. केस कापून झाल्यावर मान दोन्ही बाजूंना झटक्याने कडकन मोडून घेण्याची अनेकांना सवय असते. बरे वाटते, हे खरे. परंतु अशा झटक्याने मानेतील धमनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत, आणि ती तरुण माणसांची आहेत. नाभिक बंधूंचा यात दोष नाही, गिऱ्हाईकच हट्ट धरते. तो धरू नये.

आता मूळ मुद्द्याकडे. पक्षाघात झाला आहे हे ओळखायचे कसे? त्या माणसाला हसायला सांगावे. तोंड एका बाजूला ओघळते का पाहावे. दोन्ही हात समोर वर धरायला सांगावे. एक हात आपोआप खाली येतो का पाहावे. 'ज्ञानोबा माउली तुकाराम' म्हणायला सांगावे; ज्याच्या तोंडी हे जन्मभर आहे त्याची जीभ तेथे अडखळली, तर अधिक शंकेची गरज नाही. एका डोळ्यापुढे एकाएकी अंधार, एकाएकी तोल जाणे, हीसुद्धा लक्षणे आहेत. सगळ्यांत 'एकाएकी' हा शब्द महत्त्वाचा.

मग घड्याळ पाहावे आणि हा माणूस शेवटचा नीट केव्हा होता ती वेळ कागदावर लिहून ठेवावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात. मोठी वाहिनी बंद झाली असेल तर तारेच्या साहाय्याने गुठळी ओढून काढण्याची सोय 2015 नंतर प्रचारात आली आहे. निवडक रुग्णांत ती 24 तासांपर्यंतही उपयोगी पडते, पण म्हणून थांबायचे नसते. अशा पक्षाघातात दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. 108 ला दूरध्वनी करावा. सी.टी. स्कॅन जेथे आहे तेथेच न्यावे, कारण रक्तस्राव आहे की गुठळी हे त्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही आणि दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. म्हणूनच घरी कोणतीही गोळी तोंडात घालू नये. पाणीही पाजू नये, ते श्वासनलिकेत जाते. कांदा हुंगवणे, तेल चोळणे यांत वेळ जातो. लकव्यावर कबुतराचे रक्त चोळण्याचा अघोरी प्रकार तर अजूनही ऐकू येतो. त्यात बिचारे कबूतर मरते, आणि रुग्णाचे साडेचार तासही.

काटेवाडीहून बारामती सुमारे दहा किलोमीटर. बारामतीहून पुणे शंभराच्या घरात. पालखी महामार्गाच्या रुंदीकरणाने अंतर कापणे सोपे होईल, बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही उभे राहिले आहे. म्हणजे येथील माणसाला साडेचार तास पुरू शकतात. गडचिरोलीच्या आदिवासी बांधवाला जे दुर्लभ आहे, ते येथे हाताशी आहे. उशीर होतो तो रस्त्यावर नव्हे, ओसरीवर होतो. थोरल्या भावाला विचारू, मुंबईच्या मुलाला फोन करू, रात्र उलटू दे, सकाळी बघू!

आणि त्या उशिराची किंमत कोण भरतो? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याचे मलमूत्र, त्याचे भरवणे, त्याच्या अडखळत्या शब्दांचा अर्थ लावणे. हे सारे बहुधा घरच्या सुनेकडे किंवा पत्नीकडे येते. तिची मजुरी बुडते, तिची पाठ मोडते, आणि त्याची नोंद कोणत्याही सरकारी आकडेवारीत होत नाही. घरात एकाला वारे जाते, पण अडकतात दोघे.

म्हणून आबांसारख्या माणसांना, आणि त्याहून अधिक त्यांच्या घरच्यांना, एकच विनंती आहे. दहा मिनिटांत बरे झाले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आपल्याला काय झाले ते क्रमाने सांगावे: कोणता हात, कोणता डोळा, किती वेळ, बोलणे कसे झाले. मेंदूचा स्कॅन, हृदयाचा आलेख आणि मानेचा डॉपलर यांविषयी विचारावे. रक्त पातळ ठेवणारी औषधे व चरबीची गोळी सुरू झाली, तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. धमनी फार अरुंद निघाली आणि शस्त्रक्रिया ठरली, तर तिचा सर्वाधिक लाभ झटक्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत होतो. ऊसतोड झाल्यावर, धाकट्याचे लग्न उरकल्यावर, दिवाळीनंतर असे तिला पुढे ढकलता येत नाही. काटेवाडीतून पुढे गेलेली पालखी नऊ-दहा दिवसांत पंढरपुरी पोहोचते. ज्या आबांच्या हातून रिंगणाच्या वेळी टाळ गळून पडला, त्यांच्या मानेची तपासणी आणि शस्त्रक्रियेचा निर्णय ती चंद्रभागेच्या वाळवंटात पोहोचण्यापूर्वी झालेला असला पाहिजे.